दम आधी येतो, हाड मागून
सैन्यातलं पहिलं प्रशिक्षण खरंच किती कठोर असतं, आणि त्यात कोण मोडतं?

पहाटे पाचला बुलढाण्याच्या चिखली रोडवर, खामगाव-शेगाव रस्त्यावर किंवा गावातल्या शाळेच्या मैदानात मुलं धावताना दिसली, की ती भरतीची तयारी करताहेत हे कुणाला सांगावं लागत नाही. त्यातल्या काहींची निवड होते. गावात सत्कार होतो, काळी लोखंडी पेटी भरली जाते आणि पोरगं प्रशिक्षण केंद्राकडे रवाना होतं. पुढे मात्र एक कोडं पडतं. भरतीच्या मैदानावर सगळ्यांच्या पुढे असलेला गडी महिनाभरातच नडगी धरून बसल्याचा फोन येतो, आणि त्याच्याच बॅचमधला, जेमतेम निवडला गेलेला मुलगा शेवटपर्यंत टिकून प्रशिक्षणाअंतीच्या कसम परेडला ताठ उभा राहतो.

पारावर याची दोन उत्तरं तयार असतात. ‘तिकडे लई रगडतात’ हे एक आणि ‘पोरगं कच्चं होतं’ हे दुसरं. दोन्ही अर्धवट आहेत. सैन्यातलं प्रशिक्षण कठोर असतं यात वाद नाही. पण माणूस निव्वळ कठोरपणाने मोडत नाही. शरीराला सवय होण्याआधीच भार वाढला, आणि दोन भारांच्या मध्ये झीज भरून निघायला वेळ मिळाला नाही, की तो मोडतो. ही यंत्रणा समजली तर कोड्याचा उलगडाही होतो आणि तयारी कशी करायची तेही कळतं.

मैदान वेगळं, केंद्र वेगळं

बुलढाणा जिल्हा छत्रपती संभाजीनगरच्या सैन्य भरती कार्यालयाच्या कक्षेत येतो. भरतीत १६०० मीटर अंतर ५ मिनिटं ३० सेकंदांच्या आत कापलं तर पुरे ६० गुण मिळतात. दहा पुल-अप्स काढले तर ४० गुण. नऊ फुटांचा खड्डा ओलांडणं आणि नागमोडी बीमवर तोल सांभाळणं यांत फक्त पास व्हायचं असतं. १६०० मीटरचा हा वेग ताशी साडेसतरा किलोमीटरच्या घरात जातो. परीक्षा अवघड आहे, पण ती सहा मिनिटांत आटोपते आणि प्रामुख्याने हृदय, फुप्फुसं आणि मांड्यांची ताकद तपासते.

केंद्रावरची परीक्षा महिनोन्महिने चालते. उदाहरणार्थ, नाशिक रोडच्या तोफखाना केंद्रात अग्निवीरांचं प्रशिक्षण ३१ आठवड्यांचं आखलं गेलं. त्यात पहिले १० आठवडे मूलभूत सैनिकी प्रशिक्षण आणि पुढचे २१ आठवडे प्रगत शिक्षण. पायदळात गेलेली मराठी मुलं बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री केंद्रात, सागरच्या महार रेजिमेंट केंद्रात किंवा कामठीच्या ब्रिगेड ऑफ द गार्ड्सच्या केंद्रात जातात. ठिकाण कुठलंही असो, दिवसाचा साचा साधारण एकच असतो. उजाडण्याआधी उठणं, दाढी, बॅरकची साफसफाई, फॉल-इन, पी.टी., नाश्ता, मग ड्रिल, हत्यार शिक्षण, नकाशावाचन, फील्डक्राफ्ट, संध्याकाळी खेळ आणि रात्री रोल कॉल. यात सुटं धावणं थोडंच असतं. पण परेड मैदानावर कदमताल, एका वर्गाकडून दुसऱ्या वर्गाकडे दौड, लंगरपर्यंत दौड आणि मधल्या चुकांबद्दल आणखी दौड, असं करत दिवसभरात पायांवर पडणाऱ्या आघातांची संख्या घरच्यापेक्षा कितीतरी पटींनी वाढते. तीही बुटांत आणि सिमेंटच्या मैदानावर.

पुढे बी.पी.ई.टी. नावाची चाचणी येते. रायफल आणि पाठीवर पिट्ठू घेऊन पाच किलोमीटर धावायचं, दोरावर चढायचं, खड्डा ओलांडायचा. एकट्या इन्सास रायफलचं वजन चार किलोंच्या वर आहे. सहा मिनिटांसाठी तयार केलेलं शरीर या सगळ्याला तयार असेलच असं नाही.

पायाच्या आत काय घडतं?

व्यायाम सुरू केला की शरीराचे सगळे भाग एकाच वेगाने सुधारत नाहीत. रक्तातला पातळ भाग काही दिवसांतच वाढतो, त्यामुळे हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं. मेंदू आणि स्नायू यांचा मेळ दोन-तीन आठवड्यांत सुधारतो आणि ताकद वाढल्यासारखी वाटते. म्हणूनच पंधरवड्यात ‘दम आला’ असं मुलं म्हणतात, आणि ते खरंच असतं. हाडांचं आणि स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या कंडरांचं गणित मात्र संथ असतं.

हाड जिवंत असतं. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट जोर पायावर येतो. साठ किलोंच्या मुलासाठी हा जोर १२० ते १८० किलोंचा. अशा वारंवार आघातांनी हाडात सूक्ष्म तडे पडतात. हे तडे बुजवताना शरीर आधी खराब भाग काढून टाकतं आणि मग तिथे नवं हाड घालतं. काढण्याचं काम दोन-चार आठवड्यांत होतं, भरण्याला मात्र तीन-चार महिने लागतात.

शेताकडे जाणाऱ्या पांदण रस्त्याची दुरुस्ती डोळ्यांसमोर आणा. जुना खचलेला मुरूम उकरून काढला आहे, नवा टाकून रोलर फिरवायचा आहे, आणि मधल्या दिवसांत त्यावरून भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या जाऊ लागल्या तर? पहिल्यापेक्षा मोठा खड्डा पडेल. प्रशिक्षणाच्या तिसऱ्या ते सहाव्या-सातव्या आठवड्यात नडगीचं हाड नेमकं या उकरलेल्या अवस्थेत असतं. दम मात्र तोवर चांगलाच वाढलेला असतो, म्हणून मुलगा आणखी जोरात धावतो. दम आधी येतो आणि हाड मागून. या मधल्या फटीतच बहुतेक दुखापती होतात.

त्यातली सगळ्यात बदनाम दुखापत म्हणजे ताणामुळे हाडाला जाणारी बारीक चीर, म्हणजेच स्ट्रेस फ्रॅक्चर. प्रशियाच्या सैन्यातले वैद्य ब्राइटहाउप्ट यांनी १८५५ साली कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांचं वर्णन करून ठेवलं होतं. तेव्हा क्ष-किरणांचा शोध लागलेला नव्हता, त्यामुळे कारण कळायला पुढची चाळीस वर्षं जावी लागली. आजही सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेत ही चीर बहुधा दिसत नाही. ‘एक्स-रे साफ आहे, म्हणजे नाटक करतोय’ हा निष्कर्ष म्हणूनच धोक्याचा ठरतो.

ओळखायची एक साधी खूण आहे. नडगीच्या आतल्या कडेला लांबवर, पसरट दुखत असेल आणि अंग गरम झाल्यावर दुखणं कमी होत असेल, तर बहुतेक वेळा ती हाडावरच्या आवरणाची आणि स्नायूंची कुरकुर असते. पण एका बोटाने दाखवता येईल अशा नेमक्या ठिकाणी दुखत असेल, धावताना वाढत असेल आणि रात्री झोपेतही ठणकत असेल, तर ती हाडाची तक्रार असू शकते. अशा वेळी उस्तादांना (प्रशिक्षकांना) सांगून एम.आय. रूम (केंद्राचा दवाखाना) गाठलीच पाहिजे. वेळीच थांबलं तर सहा-आठ आठवड्यांत हाड सांधतं. लपवून धावत राहिलं तर चिरेचं पूर्ण फ्रॅक्चर होऊ शकतं. मागच्या बॅचमध्ये टाकतील या भीतीने मुलं दुखणं लपवतात. पण एक बॅच मागे पडण्याने नोकरी जात नाही, मोडलेल्या पायाने मात्र जाऊ शकते.

सैन्याची दारं आता मुलींनाही खुली आहेत. लष्करी पोलीस दलातल्या महिला सैनिकांची पहिली तुकडी मे २०२१मध्ये बंगळूरला प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडली. मुलींमध्ये स्ट्रेस फ्रॅक्चरचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त आढळतं. कष्टाच्या मानाने खाणं कमी पडलं आणि पाळी अनियमित झाली, की हाडांची भरपाई आणखी मंदावते. घरातल्यांनी मुलीच्या ताटाकडे म्हणूनच जास्त लक्ष द्यायला हवं.

झोपेने केलेली किमया

इस्रायलच्या सैन्यात रंगरुटांच्या स्ट्रेस फ्रॅक्चरवर जवळपास पंचवीस वर्षं अभ्यास झाला. बूट बदलून पाहिले, तळवे बदलून पाहिले. पण खरा फरक पडला तो दोन साध्या निर्णयांनी. रात्री किमान सहा तास झोप सक्तीची केली आणि कूचीचं एकूण अंतर कमी केलं. अशा चिरांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. प्रशिक्षण तरीही कठोरच राहिलं, सैनिकही तसेच कणखर तयार झाले. कारण स्नायू आणि हाडं व्यायामाच्या वेळी बळकट होत नाहीत. व्यायामाने झीज होते, भरपाई विश्रांतीत होते.

म्हणूनच केंद्रावर ‘लाइट आउट’नंतर बुटांना पॉलिश करत किंवा गप्पा मारत जागणं महागात पडतं. जेवणाचंही तसंच. अशा दिनक्रमात शरीर दिवसाला ३,००० ते ४,००० किलोकॅलरी जाळतं. थकव्याने भूक मरते, लंगरमधलं जेवण सवयीचं नसतं, पण ताट टाळणारा मुलगा काही आठवड्यांत वजन आणि बळ दोन्ही गमावतो.

घाटावरचा गडी, घाटाखालचा गडी

आपल्याच जिल्ह्यात दोन हवामानं नांदतात. बुलढाणा शहर साडेसहाशे मीटरच्या आसपास उंचीवर, तुलनेने थंड. राजूर घाट उतरून मोताळा, मलकापूर, नांदुऱ्याकडे गेलं की पूर्णेच्या खोऱ्यातला उन्हाळा अंग भाजून काढतो. घाटाखालच्या मुलाला ऊन सोसतं आणि घाटावरच्याला कमी, असं आपण म्हणतो. यात तथ्य आहे, आणि त्यामागे शरीराचं एक शिक्षण आहे.

उन्हात रोज थोडे थोडे श्रम केले की दहा ते चौदा दिवसांत शरीर बदलतं. घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो आणि त्यातून मीठ कमी जातं. नाडी आधीपेक्षा शांत राहते. हे बदल घाईने उरकता येत नाहीत, आणि काही आठवडे उन्हाबाहेर राहिलं की ते ओसरतात. उंचीचंही तसंच आहे. लडाखसारख्या भागात जवानाला वर पाठवताना आपली सेना तीन टप्पे पाळते. नऊ ते बारा हजार फुटांवर सहा दिवस, बारा ते पंधरा हजारांवर चार दिवस आणि त्याच्या वर पुन्हा चार दिवस. तिथे अनुभवी सुभेदारालाही सूट नसते.

उन्हात श्रम करताना एखादा असंबद्ध बोलू लागला, भेलकांडला किंवा कोसळला, तर तो उष्माघात समजावा. शरीराच्या आतलं तापमान ४० अंशांपुढे गेलेलं असू शकतं. अशा वेळी गाडीची वाट पाहत बसू नये. सावलीत नेऊन कपडे सैल करावेत, भरपूर गार पाणी अंगावर ओतावं, वारा घालावा. आधी थंड करणं आणि मग दवाखान्यात नेणं, हा क्रम जीव वाचवतो. गावच्या मैदानावर सराव करणाऱ्यांनीही तो पाठ करून ठेवावा.

ओरडणं, संचलन आणि ‘खोलना-जोडना’

शरीरापेक्षा मनाला बसणारा धक्का कित्येकांना जड जातो. मोबाइल हातात नाही, घरचं कुणी नाही, बोलणं-आज्ञा सगळं हिंदीत, आणि कानाशी उस्तादांचा चढा आवाज. वऱ्हाडी बोलीत वाढलेल्या मुलाला पहिले पंधरा दिवस आपण चुकतोय कुठे हेच उमगत नाही. ताण तेव्हा सर्वाधिक असतो, कारण पुढच्या तासाला काय होणार हे माहीत नसतं. दिनक्रम अंगवळणी पडला की तेवढेच कष्ट सोसण्याजोगे वाटू लागतात. पहिल्या तीन आठवड्यांत परत जाण्याचा विचार मनात आला तर तो जवळपास प्रत्येकाच्या मनात येतो, एवढं घरच्यांनी मुलाला आधीच सांगून ठेवलं तरी मोठा आधार होतो.

हा दाब मुद्दाम दिलेला असतो. रायफल शिकवण्याची पद्धत जवळून पाहिली की ते पटतं. उस्ताद आधी एकेक भाग नावानिशी दाखवतात. मॅगझिन काढायची, रायफल रिकामी असल्याची खात्री करायची, वरचं झाकण उघडायचं, आतले भाग ठरलेल्या क्रमाने काढून जमिनीवर एका ओळीत मांडायचे. मग उलट्या क्रमाने जोडायचे. हे ‘खोलना-जोडना’ शेकडो वेळा होतं. आधी सावकाश, मग घड्याळ लावून, मग डोळ्यांवर पट्टी बांधून. भीतीच्या क्षणी विचार करणारा मेंदू गोंधळतो, बोटं थरथरतात. पण पुरेशा सरावानंतर ही कृती सवयी सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागाकडे गेलेली असते, आणि तो भाग गोंधळातही काम करत राहतो. सतराव्या शतकाच्या उंबरठ्यावर नेदरलँड्समध्ये मॉरिस ऑफ नासाऊने बंदूक भरण्याची क्रिया चाळीसेक लहान पायऱ्यांत तोडून शिपायांकडून घोटून घेतली. त्यामागे हेच तत्त्व होतं.

संचलनाचंही असंच. मिनिटाला १२० पावलं, प्रत्येक पाऊल ३० इंचांचं, शंभर जणांचं एकदम. आजच्या लढाईत कुणी रांगेत चालत जात नाही, मग हे कशाला? विल्यम मॅकनील या इतिहासकाराने १९४१मध्ये अमेरिकी सैन्यात स्वतः ड्रिल केलं होतं. पुढे १९९५च्या पुस्तकात त्यांनी मांडलं की एकत्र, एका लयीत हालचाल करण्याने माणसांत आपलेपणा निर्माण होतो. वारीत टाळांच्या ठेक्यावर पावली खेळणाऱ्याला हे वेगळं समजावण्याची गरज नाही. शेजारच्या खाटेवरचा गढवाली किंवा तमिळ मुलगा भाषेआधी लयीने आपला होतो.

एवढं सगळं कशासाठी?

बुलढाणा तालुक्यातल्या पिंपळगाव सराईचे अग्निवीर अक्षय गवते यांना ऑक्टोबर २०२३मध्ये सियाचीनवर कर्तव्य बजावताना वीरमरण आलं. भरती होऊन त्यांना वर्षही पुरं झालं नव्हतं. कालपर्यंत गावात असलेला मुलगा काही महिन्यांत जगातल्या सर्वांत उंच रणभूमीवर उभा राहतो, तेव्हा त्याच्या आणि संकटाच्या मध्ये त्याचं प्रशिक्षणच असतं. ऑक्टोबर २०२४मध्ये देवळालीच्या फायरिंग रेंजवर सरावादरम्यान तोफगोळ्याचा स्फोट होऊन दोन अग्निवीरांचा मृत्यू झाला. सरावाच्या मैदानावरही दारूगोळा खराच असतो. आज्ञा ऐकताक्षणी थांबणं आणि ठरलेला क्रम न चुकवणं यांची घोटून घेतलेली सवय अशा ठिकाणी जीवनमरणाचा प्रश्न असते.

रगडा कुठे थांबतो?

उस्ताद चुकीबद्दल फ्रंट रोल, पुश-अप्स किंवा पिट्ठू घालून दौड देतात, यालाच ‘रगडा’ म्हणतात. मात्रेत असेल तर तोही व्यायामच. पण सवय नसलेल्या मुलाला एका दमात शेकडो बैठका मारायला लावल्या, तर मांड्यांचे स्नायूतंतू फुटून त्यांतलं प्रथिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. लघवी गडद तपकिरी होणं ही त्याची धोक्याची खूण. यातून कणखरपणा वाढत नाही, एक सैनिक तेवढा कमी होतो.

८ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेतल्या पॅरिस आयलंड केंद्रात एका प्रशिक्षकाने शिस्त लावण्यासाठी आपल्या प्लाटूनला रात्री दलदलीच्या खाडीत उतरवलं. सहा रंगरूट बुडून मेले. त्यानंतर तिथे प्रशिक्षकांवरची देखरेख कडक झाली. आपल्याकडे लष्कर कायदा, १९५० याच्या कलम ४७नुसार हाताखालच्या सैनिकाला मारहाण करणं किंवा त्याचा छळ करणं हा गुन्हा आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कठोर शिक्षण आणि छळ यांतली रेषा कायद्यानेच आखलेली आहे, हे मुलांना आणि पालकांना माहीत असायला हवं.

जाण्याआधीचे सहा महिने

इस्रायली अभ्यासातच आणखी एक गोष्ट दिसली. भरतीपूर्वी किमान दोन वर्षं बास्केटबॉलसारखे चेंडूचे खेळ खेळलेल्या मुलांना स्ट्रेस फ्रॅक्चर बरंच कमी झालं. उड्या, वळणं, अचानक थांबणं यांमुळे हाडाला वेगवेगळ्या दिशांनी ताण बसतो आणि ते चौफेर मजबूत होतं. याच न्यायाने आपले खो-खो, कबड्डी आणि आट्यापाट्या ही उत्तम पूर्वतयारी आहे. नुसतं सरळ रस्त्यावर धावून हा फायदा मिळत नाही.

सराव सहा महिने आधी सुरू करावा. अंतर दर आठवड्याला थोडंच वाढवावं, आठवड्यातला एक दिवस पूर्ण विश्रांती, तीन-चार आठवड्यांनी एक आठवडा हलका. निवड झाल्यावर सराव बंद करून सत्कार घेत फिरू नये. निवड ते रुजू होणं या मधल्या आठवड्यांत हाडांवरचा ताण थांबला तर कमावलेलं काही अंशी जातं. जाड बुटांत चालण्याची सवय आधीच करावी. ज्वारीची भाकरी, डाळ, दूध, अंडी यांत कसूर नको आणि सकाळचं कोवळं ऊन अंगावर घ्यावं.

थोडक्यात

• हृदय आणि दम आठवड्यांत सुधारतात, हाडाला तीन-चार महिने लागतात.
• तिसरा ते सातवा आठवडा पायांसाठी सर्वांत नाजूक.
• एका बोटाने दाखवता येणारं, रात्रीही ठणकणारं दुखणं लपवू नये.
• उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. उष्माघातात आधी थंड करा, मग दवाखाना.
• लघवी गडद तपकिरी झाली तर ताबडतोब डॉक्टर.
• शिक्षा म्हणून व्यायाम वेगळा, मारहाण वेगळी. दुसरीला कायद्यात जागा नाही.

जिल्ह्यातल्या भरतीपूर्व अकॅडम्यांकडे एक मागणी यातून उरते. महिनाभरात १६०० मीटर काढून देण्याची जाहिरात करणं सोपं आहे, पण असा झटपट सराव मुलाला केवळ दारापर्यंत पोहोचवतो. अकॅडमीच्या फलकावर निवड झालेल्यांचे फोटो असतात. त्याशेजारी दरवर्षी त्यांपैकी किती जणांनी दुखापतीविना कसम परेड केली, हा आकडाही लिहायला हवा. फी भरण्याआधी पालकांनी तोच विचारावा.